स्वतःचा आवाज कसा सापडतो?
जॅझ गायिका ॲबी लिंकन हिची वाटचाल



गणेशोत्सवात एखादी मुलगी छान गायली की आपण कौतुकाने म्हणतो, "अगदी लताबाईंसारखे गायलीस!" वक्तृत्व स्पर्धेत कुणी बाजी मारली की "अगदी अमक्यासारखा बोललास" असे म्हणून पाठ थोपटतो. यात वाईट काही नाही. परंतु ‘सारखे’ या शब्दापाशी क्षणभर थांबावे असे आम्हांला वाटते. दुसऱ्यासारखे करून पाहणे ही शिकण्याची पहिली पायरी आहे. मग शेवटची पायरी कोणती आणि तिथवर जायचे कसे?

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी आम्ही मुद्दाम दूरच्या देशातील एक गायिका निवडली आहे. आपल्याकडचे नाव घेतले की ‘लता श्रेष्ठ की आशा’ हा वाद सुरू होतो आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. अमेरिकेतील ॲबी लिंकन (१९३०–२०१०) या गायिकेचा आवाज फार मोठ्या पल्ल्याचा नव्हता. तिच्याहून चपळ आणि गोड गळ्याच्या गायिका तिच्याच काळात होत्या. तरीही दोन ओळी ऐकताच ‘ही ॲबी’ असे जाणकार ओळखतात. हे कसे घडले ते आपण क्रमाने पाहू.

जॅझ म्हणजे काय?

जॅझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाने घडवलेले संगीत. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरात ते आकाराला आले. गुलामगिरीच्या काळातील श्रमगीते, चर्चमधील भक्तिगीते, ‘ब्लूज’ नावाची सुखदुःखाची गाणी आणि बॅण्डची युरोपीय वाद्ये असे अनेक प्रवाह त्यात मिसळले.

त्याची रीत थोडक्यात अशी. आधी गाण्याची मूळ चाल मांडायची आणि मग त्याच सांगाड्यावर प्रत्येक कलाकाराने त्या क्षणी सुचेल तसा विस्तार करायचा. आपल्याकडे बंदीश एकच असते, पण दोन गवई ती सारखी गात नाहीत, तसेच काहीसे. फरक इतकाच की आपला विस्तार रागाच्या नियमात चालतो आणि जॅझचा विस्तार एकापाठोपाठ येणाऱ्या स्वरसमूहांच्या, म्हणजे कॉर्डच्या, आधाराने चालतो.

जॅझमध्ये एकेक गाणे वीस-वीस गायिकांनी गायलेले असते. त्यामुळे श्रोता ‘गाणे कोणते’ यापेक्षा ‘हिने ते कसे म्हटले’ याकडे कान देतो. स्वराचा पोत, शब्दफेक, ठेक्याच्या किंचित मागे राहणे किंवा पुढे जाणे, कोणत्या शब्दावर रेंगाळायचे आणि कोणता सहज सोडून द्यायचा, यांतून गायिकेची ओळख पटते.

हे संगीत आपल्या कानांना अगदी परके नाही. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकन जॅझवादक वाजवीत असत. गोमंतकीय वादकांनी ते संगीत आत्मसात केले आणि त्यांच्याबरोबर ते हिंदी चित्रपटात आले. मूळ गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांनी संगीतकार सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम केले. ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाची गाणी तर आपल्या आजी-आजोबांना आजही पाठ असतील.

अनेक नावांची मुलगी

ॲबी लिंकन हे तिचे जन्मनाव नव्हे. ॲना मेरी वूल्ड्रिज हे तिचे मूळ नाव. ६ ऑगस्ट १९३० रोजी शिकागो येथे तिचा जन्म झाला. बारा भावंडांत ती दहावी. ती लहान असतानाच कुटुंब मिशिगन राज्यातील खेड्यात शेतीवर राहायला गेले. घरी पियानो होता. त्यावर ती स्वतःच सूर शोधत बसे. पुढे किशोरवयात तिने बिली हॉलिडे या थोर जॅझ गायिकेच्या तबकड्या ऐकल्या आणि तिच्यावर त्यांचा ठसा उमटला तो कायमचा.

विशीत ती व्यवसाय म्हणून गाऊ लागली. होनोलुलू येथे आणि नंतर लॉस एंजेलिसमध्ये ती रात्रीच्या क्लबांत गात असे. तिथे येणारे लोक जेवता जेवता गाणे ऐकत. गायिकेने छान दिसावे आणि ओळखीची प्रेमगीते गोड म्हणावीत एवढीच अपेक्षा असे. मालकांच्या सोयीनुसार नावेही बदलत गेली : कधी ॲना मेरी, कधी गॅबी वूल्ड्रिज, कधी फ्रेंच वाटावे म्हणून गॅबी ली. अखेर १९५६ च्या सुमारास तिचे व्यवस्थापक आणि गीतकार बॉब रसेल यांनी ‘ॲबी लिंकन’ हे नाव सुचवले. त्यातील ‘ॲबी’ लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीवरून घेतलेले आणि ‘लिंकन’ गुलामगिरी संपवणाऱ्या राष्ट्राध्यक्षांच्या नावावरून.

विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. पंचविशी उलटेपर्यंत या मुलीचे नाव, पोशाख आणि गाणी, सगळेच दुसऱ्या कुणीतरी ठरवलेले होते. गळा मात्र तिचा होता.

उसना पोशाख

१९५६ साली तिची पहिली दीर्घ तबकडी ध्वनिमुद्रित झाली. सोबत मोठा वाद्यवृंद होता, गाणी प्रेमाची होती आणि मुखपृष्ठावर तिचे मोहक छायाचित्र. त्याच वर्षी ‘द गर्ल कान्ट हेल्प इट’ या हॉलिवूडच्या चित्रपटात तिने एक गाणे म्हटले. तेव्हा तिने घातलेला लाल पोशाख पूर्वी मेरिलिन मन्रो हिने ‘जेंटलमेन प्रेफर ब्लॉण्ड्स’ (१९५३) या चित्रपटात वापरला होता. त्या पोशाखातील ॲबीची छायाचित्रे गाजली. प्रसिद्धी आणि पैसा दोन्ही हाताशी आले होते.

याच सुमारास तिची ओळख मॅक्स रोच या श्रेष्ठ ड्रमवादकाशी वाढली. संगीताकडे गंभीरपणे पाहणाऱ्या कलावंतांचा सहवास तिला लाभला. त्या पोशाखामुळे लोक आपल्याला ऐकण्याऐवजी पाहतात हे तिच्या लक्षात आले. पुढे तिने तो पोशाख चक्क जाळून टाकला. ही हकिगत ती स्वतः मुलाखतींत सांगत असे.

१९५७ साली ‘दॅट्स हिम!’ ही तबकडी निघाली. वाद्यवृंद गेला आणि त्या जागी सॉनी रोलिन्स, केनी डोरहॅम, विन्टन केली, पॉल चेम्बर्स आणि मॅक्स रोच असे मोजके पण अव्वल जॅझवादक आले. मोठ्या वाद्यवृंदाच्या आड आवाज लपतो, चार-पाच वाद्यांत तो उघडा पडतो. आपल्याकडेही तानपुरा आणि तबला एवढ्यावर गाणाऱ्याला लपायला जागा नसते.

शब्दांची निवड

यानंतरचा बदल गळ्यातला नव्हता, तो विचारातला होता. आपण म्हणतो त्या गाण्यांत बाई सतत रडते, तिला वाईट वागवणाऱ्या पुरुषाच्या मागे धावते, हे तिला खटकू लागले. असली गाणी ती हळूहळू सोडत गेली. ‘हे शब्द मी मनापासून म्हणू शकते का?’ ही तिची कसोटी झाली. १९५९ च्या ‘ॲबी इज ब्लू’ या तबकडीत ही निवड स्पष्ट दिसते. त्यात तिने स्वतः लिहिलेले एक गाणेही आहे.

अमेरिकेत तो काळ नागरी हक्कांच्या चळवळीचा होता. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबोरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात जाऊन शांतपणे बसले आणि तिथून सत्याग्रहाची लाट पसरली. २१ मार्च १९६० रोजी दक्षिण आफ्रिकेतील शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे मारली गेली. या पार्श्वभूमीवर मॅक्स रोच याने ‘वी इन्सिस्ट! फ्रीडम नाउ स्वीट’ ही पाच भागांची रचना केली. तिचे शब्द ऑस्कर ब्राउन ज्युनियर याचे होते आणि मुख्य गायिका होती ॲबी. ध्वनिमुद्रण १९६० च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झाले. गुलामांवर देखरेख करणाऱ्या मुकादमाच्या चाबकापासून ही रचना सुरू होते आणि दक्षिण आफ्रिकेच्या दुःखापाशी संपते.

तिच्या मधल्या भागात फक्त गळा आणि ड्रम आहेत, शब्द नाहीत. आधी प्रार्थना, मग निषेध, मग शांती असा तो क्रम. निषेधाच्या भागात ॲबी अक्षरशः किंचाळते, तेही एखाद्या क्षणापुरते नव्हे, तर मिनिटाहून अधिक काळ. (लहान मुलांना हा भाग ऐकवताना मोठ्यांनी सोबत बसावे.) क्लबमध्ये गोड गाणारी हीच का ती, असा प्रश्न ऐकणाऱ्याला पडतो. परंतु जे दुःख पिढ्यान्पिढ्या शब्दांत मावले नाही, त्यासाठी गोड स्वर पुरा पडला नसता. दक्षिण आफ्रिकेच्या तत्कालीन गोऱ्या राजवटीने या ध्वनिमुद्रिकेवर बंदी घातली. अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात मात्र २०२२ साली तिचा समावेश झाला.

‘इतके अचूक नको’

फेब्रुवारी १९६१ मध्ये ‘स्ट्रेट अहेड’ या तबकडीचे ध्वनिमुद्रण झाले. थेलोनिअस मंक या अत्यंत स्वतंत्र वृत्तीच्या पियानोवादकाची ‘ब्लू मंक’ ही वाद्यरचना प्रसिद्ध होती. ॲबीने तिच्यावर शब्द लिहिले. मंक ध्वनिमुद्रणाच्या वेळी आला आणि तिच्या कानात हळूच सांगून गेला की, इतके अचूक गाऊ नकोस. ही आठवण ॲबी आयुष्यभर सांगत असे. प्रारंभी तिला त्याचा अर्थ उमगला नाही. पुढे तिला कळले ते असे : चुकण्याच्या भीतीने माणूस जे हमखास जमते तेवढेच करतो. हात जरा लांब करून काही गाठायचे असेल तर चुकीची तयारी हवी.

विद्यार्थ्यांनी मात्र यातून ‘बेसूर गायले तरी चालते’ असा अर्थ काढू नये. मंकने हा सल्ला सूर-ताल पक्के असलेल्या, दहाएक वर्षे रंगमंचावर घालवलेल्या गायिकेला दिला. ज्याचे पाढेच पाठ नाहीत त्याला ‘गणित वेगळ्या रीतीने सोडव’ असे सांगण्यात अर्थ नाही. आधी अचूकता, मग अचूकतेच्या भीतीतून सुटका, असा हा क्रम आहे.

आपल्या परिसरातील पंडित कुमार गंधर्व यांचे उदाहरण येथे आठवते. त्यांचा जन्म बेळगावजवळच्या सुळेभावीचा. बालपणी ते मोठमोठ्या गवयांच्या तबकड्यांतील गाणे हुबेहूब गात आणि लोक थक्क होत. पुढे त्यांनी प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे रीतसर शिक्षण घेतले. क्षयाच्या आजारात काही वर्षे गाणे बंद ठेवावे लागले, त्या काळात देवासला त्यांच्या कानी माळव्याची लोकगीते पडत राहिली. नंतर जे गाणे प्रकट झाले ते कुणाचीही नक्कल नव्हते. देश वेगळा, संगीत वेगळे, पण अनुकरण, शिक्षण आणि मग स्वतःचा सूर हा क्रम दोन्हीकडे दिसतो.

याची किंमत

स्वतःचा आवाज सापडला की सगळे टाळ्या वाजवतात असे नाही. ‘स्ट्रेट अहेड’ प्रसिद्ध झाल्यावर ‘डाउन बीट’ या नामांकित जॅझ मासिकातील परीक्षणात तिच्यावर बोचरी टीका झाली. ती आपल्या कृष्णवर्णीय असण्याचेच भांडवल करते, असा तिचा सूर होता. त्यावर १९६२ साली याच मासिकाने चर्चा घडवून आणली. ॲबीने तिथे टीकाकारासमोर बसून आपली बाजू मांडली. तिने माघार घेतली नाही. पण त्यानंतर तिच्या स्वतःच्या नावाची तबकडी निघायला बारा वर्षे लागली आणि तीही अमेरिकेत नव्हे, जपानमध्ये (‘पीपल इन मी’, १९७३).

ही बारा वर्षे तिने वाया घालवली नाहीत. ‘नथिंग बट अ मॅन’ (१९६४) आणि सिडनी पॉयटियर याच्याबरोबर ‘फॉर लव्ह ऑफ आयव्ही’ (१९६८) या चित्रपटांत तिने भूमिका केल्या. १९६६ साली कृष्णवर्णीय स्त्रीच्या सन्मानाविषयी तिने लिहिलेला लेख गाजला. मॅक्स रोच याच्याशी १९६२ मध्ये झालेला विवाह १९७० मध्ये संपला. ती कॅलिफोर्नियाला आईजवळ गेली, चित्रे काढू लागली आणि नाट्यविषय शिकवू लागली. सत्तरच्या दशकात गायिका मिरियम मकेबा हिच्यासोबत ती आफ्रिकेत गेली. तिथे तिला ‘अमिनाता’ आणि ‘मोसेका’ ही नावे सन्मानाने देण्यात आली. आधीची नावे तिला विकण्यासाठी दिलेली होती, ही आपलेपणाने दिलेली होती. या दोन्हींतला फरक पालकांनी मुलांना समजावून सांगावा.

उत्तरार्ध

तिची खरी कीर्ती साठीच्या उंबरठ्यावर आली. १९९० पासून ‘व्हर्व्ह’ कंपनीसाठी तिच्या तबकड्या एकामागून एक निघू लागल्या. फेब्रुवारी १९९१ मध्ये सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ याच्यासोबत ‘यू गॉटा पे द बॅण्ड’ ही तबकडी तयार झाली. गेट्झ तेव्हा गंभीर आजारी होता आणि त्याच वर्षी जूनमध्ये तो वारला.

या काळात तिचा आवाज जाड झाला होता, वरचे स्वर पूर्वीसारखे लागत नव्हते. तरी जाणकारांना हाच काळ तिचा सर्वोत्तम वाटतो. तिने गाणे बोलण्याच्या जवळ आणले होते. प्रत्येक शब्द स्पष्ट, कुठेही घाई नाही, ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळत जाणारी ओळ. आणि गाणी बहुतेक तिची स्वतःची : एकटेपणाविषयी, पूर्वजांविषयी, म्हातारपणाविषयी. बिली हॉलिडे तिची आयुष्यभराची आवडती. तिच्या स्मरणार्थ ॲबीने गाणीही गायली. पण ती ‘दुसरी बिली’ झाली नाही. गायिकेने आपल्या जगण्याविषयी खरे गावे हा धडा तिने बिलीकडून घेतला आणि तो स्वतःच्या जगण्याला लावला.

२००३ साली अमेरिकेचा ‘जॅझ मास्टर’ हा राष्ट्रीय सन्मान तिला मिळाला. २००७ साली ‘ॲबी सिंग्ज ॲबी’ ही अखेरची तबकडी आली. तिचे पहिलेच गाणे कोणते? ‘ब्लू मंक’. तिशीतल्या ॲबीला मंकने ज्या गाण्यावर सल्ला दिला, तेच गाणे शहात्तराव्या वर्षी तिने पुन्हा म्हटले. १४ ऑगस्ट २०१० रोजी न्यूयॉर्क येथे तिचे निधन झाले.

आपण काय घ्यावे?

ॲबीच्या वाटचालीतून आम्हांला तीन गोष्टी दिसतात.

पहिली : स्वतःचा आवाज म्हणजे काहीतरी चमत्कारिक, कुणी न केलेले करणे नव्हे. ॲबीने एकेक उसनी वस्तू खाली ठेवली. आधी पोशाख, मग वाद्यवृंद, मग मनाला न पटणारे शब्द, शेवटी चुकण्याची भीती. जे उरले ते तिचे होते.

दुसरी : हे एका वर्षात होत नाही. पहिल्या तबकडीपासून सर्वमान्य कीर्तीपर्यंत तिला सुमारे पस्तीस वर्षे लागली. शाळेतील स्पर्धेच्या बक्षिसावरून मुलाचा आवाज ‘आहे’ की ‘नाही’ हे ठरवणे म्हणूनच घाईचे होय.

तिसरी गोष्ट आपल्याला अधिक जवळची. आपण माळव्यात पिढ्यान्पिढ्या राहिलेली मराठी माणसे. आपल्या घरातील मराठीला हिंदीचे वळण आहे. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांपुढे आपली मुले एक तर गप्प बसतात किंवा पुणेरी बोलण्याचे सोंग आणतात. प्रमाण मराठी लिहिता-वाचता आलीच पाहिजे, ती आपली अचूकतेची पायरी आहे आणि शाळा ती शिकवतेच. पण आजीच्या तोंडची इंदुरी मराठी ही चूक नव्हे. आपले अनुभव ज्या बोलीत घडले, त्या बोलीत ते सांगण्याची लाज वाटू लागली तर मुले सांगणेच सोडून देतील आणि मग भाषा फक्त स्पर्धेपुरती उरेल. विश्वस्त आणि शिक्षकांनीही याचा विचार करावा. वक्तृत्व स्पर्धेत पाठ केलेल्या भाषणाबरोबर मुलाने स्वतः रचलेल्या, अडखळत का होईना पण स्वतःच्या बोलण्याला काही गुण राखून ठेवता येतील का?

स्वाध्याय

१. ‘ब्लू मंक’ हे गाणे ॲबी लिंकनच्या १९६१ आणि २००७ च्या तबकड्यांतून लागोपाठ ऐका. आवाज, वेग आणि शब्दफेक यांत जाणवलेले तीन फरक लिहा.

२. तुम्हांला पाठ असलेले एक भावगीत मूळ तबकडी न ऐकता आठ दिवस म्हणा. नंतर मूळ गाणे ऐका. तुम्ही कोठे बदल केला? तो नकळत झाला की तुम्हांला तसेच म्हणावेसे वाटले?

३. आजी-आजोबांच्या बोलण्यातील असे पाच शब्द गोळा करा जे पाठ्यपुस्तकात सापडत नाहीत. त्या शब्दांचा वापर करून दहा ओळींचा प्रसंग लिहा.

४. पालकांसाठी : पुढच्या वेळी मूल गायले, बोलले किंवा त्याने काही लिहिले तर ‘कुणासारखे’ हा शब्द न वापरता कौतुक करून पहा. त्याला विचारा, "यातला कोणता भाग तुला स्वतःला आवडला?" आणि उत्तराची वाट पहा. ते लगेच येणार नाही.